दुसरं बाळंतपण: डूला ठेवावी का? लेबर रूममध्ये एकालाच सोडतात

कर्वेनगरची आई

नमस्कार. मला ३२वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पुण्यातच नाव नोंदवलंय, हॉस्पिटल घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. डूला, म्हणजे बाळंतपणात सतत जवळ थांबून धीर देणारी बाई, ठेवायची की नाही यावर घरात तीन आठवडे बोलणं चाललंय आणि अजून काही ठरत नाही, म्हणून इथे विचारते.

आधी पहिल्या वेळचं सांगते, कारण प्रश्न तिथूनच आलाय. मोठी आता साडेतीन वर्षांची आहे. तेव्हाचं हॉस्पिटल वेगळं होतं. रात्री अकराला पाणी गेलं, बाराला दाखल झाले, आणि सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती झाली. नॉर्मल झाली, टाके पडले, बाळ ठणठणीत. कागदावर बघितलं तर सगळं छान. पण त्या अकरा तासांत माझं म्हणावं असं एकही माणूस माझ्याजवळ नव्हतं. आई आणि नवरा बाहेर बाकावर. सिस्टर यायच्या, तपासायच्या, ‘अजून वेळ आहे’ म्हणून जायच्या. एकदा मी ओरडले तेव्हा मला ज्या शब्दांत गप्प केलं गेलं ते इथे लिहीत नाही.

पहाटे पाचच्या सुमारास फरशी पुसायला एक मावशी आल्या. मी कुशीवर वळून कॉटची दांडी धरून पडले होते. त्यांनी फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि काही न विचारता माझ्या माकडहाडाच्या जरा वर तळहात रोवला. कळ चढेल तसा दाब वाढवायच्या, ओसरली की सैल सोडायच्या. ‘तोंड सैल सोड बाय, दात आवळू नको,’ एवढंच म्हणाल्या. चार कळा त्या थांबल्या. मग बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही. त्या रात्रीतलं मला नीट आठवतं ते एवढंच, आणि साडेतीन वर्षांत असा महिना गेला नाही की मला तो हात आठवला नाही.

या वेळी आई येऊ शकणार नाही. वडिलांना जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना चिपळूणला सोडून तिला हलता येत नाही. सासूबाई नाशिकहून येताहेत, पण रात्री-अपरात्री मोठीजवळ घरी कोणीतरी हवं, ते त्याच करतील.

एका डूलाला भेटले. चांगल्या वाटल्या, कमी बोलतात. २८,००० रुपये सांगितले: आधी दोन भेटी, ३८व्या आठवड्यापासून कधीही फोन, कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत, आणि नंतर एकदा घरी येऊन दूध पाजायला मदत. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशांत दोन महिने मालिशवाली बाई येईल. ते चूक नाही. पण खरी अडचण पुढेच आहे. हॉस्पिटल आत एकालाच सोडतं. नवऱ्याने मागच्या वेळी बाहेर बसून काढलेली रात्र तोही विसरलेला नाही. डूलाचं नाव काढलं तर तो एवढंच म्हणाला, ‘मग मी परत बाकावर का?’ मला त्यावर उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी ठेवली, ज्यांनी नाही ठेवली, दोघींचं ऐकायचंय.

---

निवृत्त सिस्टर

अगं, मी ३१ वर्षं लेबर रूममध्ये काढली. तुला ज्या शब्दांत गप्प केलं ते चूकच होतं, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण एवढं सांगते, रात्रपाळीला एक सिस्टर आणि चार कॉट असं आम्ही वर्षानुवर्षं केलंय. एकीची पाठ चोळत बसलं तर दुसरीच्या बाळाचे ठोके कोण बघणार? म्हणून जवळ बसायला वेगळं माणूस हवं, या मताची मी आहे. पूर्वी घरी सुईण यायची ती एकाच बाईसाठी यायची. बाळंतपणं दवाखान्यात आली तेव्हा जीव वाचले, ते फार मोठं काम झालं. पण जवळ बसणारी बाई तेवढी दाराबाहेर राहिली.

आता डूलाबद्दल. ती सिस्टर नाही, हे मनात पक्कं ठेव. तिने ब्लडप्रेशर बघायचं नाही, आतून तपासायचं नाही, ठोके ऐकून ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं नाही. आम्हा नर्सेसची कौन्सिलकडे नोंदणी असते, डूलांना आपल्याकडे सरकारी परवाना असा नाही. म्हणून माणूस पारखून घे. तिला विचार, या हॉस्पिटलमध्ये आधी आली आहेस का? त्याच रात्री दुसरी बाई अडली तर माझ्याकडे कोण येईल, आणि त्या बाईला मी आधी भेटू शकते का? ‘डॉक्टरांना मी बघून घेते’ असं बोलणारी असेल तर हात जोडून निरोप दे. लेबर रूम ही भांडायची जागा नाही.

आणि एक, तुझी दुसरी खेप आहे. पहिलटकरणीला आम्ही सांगतो, घाई नको, घरी चाल-फिर. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलं की पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडेपर्यंत कळांचा पहिला टप्पा धरा, तो किती लांबेल याचं ठरलेलं माप नाही. त्यापुढचा टप्पा पहिल्या वेळी साधारण १२ तासांच्या आत आणि पुढच्या वेळी १० तासांच्या आत उरकतो असं त्यांनी लिहिलंय, पण दुसरी-तिसरीवाल्या बायका दोन-तीन तासांत मोकळ्या झालेल्या मी कितीतरी बघितल्यात. कुणी कितीही म्हटलं तरी घरी ताणत बसू नकोस. पाणी हिरवट गेलं, अंगावरून लाल गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर डूलाला फोन नंतर, आधी रिक्षा.

---

गडहिंग्लज

ताई, माझं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं आणि माझी जाऊ पूर्ण वेळ आत होती. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई थांबायला परवानगी दिली, हे खूप जणींना माहीतच नाही. बाई स्वतः बाळंतपण झालेली हवी, संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, आणि सिस्टरांच्या कामात लुडबुड करायची नाही. एवढ्या अटी. पैसा एक लागला नाही.

माझ्या जावेची तीन बाळंतपणं झालेली. ती मला पाण्याचे घोट द्यायची, उठवून भिंतीपर्यंत चालवायची. पण खरं सांगायचं तर शेवटच्या तासात मी ओरडायला लागले तेव्हा तीच रडायला लागली. घरचं माणूस आपल्याला बघून घाबरतंच, त्याला इलाज नाही. तरी तिने हात सोडला नाही. माझ्या हातातल्या बांगड्यांचे वळ तिच्या मनगटावर आठवडाभर होते. तुमच्याकडे अशी नणंद-जाऊ कोणी आहे का ते आधी बघा. नसेल तर पैसे देऊन माणूस आणण्यात लाजण्यासारखं काही नाही.

---

ठाण्याची, सीझरवाली

मी डूला ठेवली आणि माझं सीझर झालं. ‘मग उपयोग काय झाला?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर पाठ आहे. डूला म्हणजे नॉर्मलची हमी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सीझरने झालेली दिसतात. ते एका बाईच्या हातात नसतं. माझ्या बाळाचे ठोके खाली यायला लागले, डॉक्टरांनी वीस मिनिटांत निर्णय घेतला, आणि तो योग्यच होता. डूलाला ऑपरेशन थिएटरमध्ये येऊ दिलं नाही. पण मला ट्रॉलीवर घेतलं तेव्हा ती कानाशी वाकून पुढे काय काय होणार ते एकेक सांगत होती: आता पाठीत इंजेक्शन देतील, मग पाय जड होतील, आत गार वाटेल, ओढल्यासारखं होईल पण दुखणार नाही. आत गेल्यावर सगळं त्याच क्रमाने झालं, म्हणून मी घाबरले नाही. बाहेर आल्यावर बाळाला कुशीवर घेऊन पाजायचं कसं तेही तिनेच दाखवलं, टाक्यांवर भार न देता.

माझी चूक सांगते. मी डॉक्टरांना आधी सांगितलंच नव्हतं. ऐन वेळी अनोळखी बाई बघून त्या नाराज झाल्या आणि पहिला तास दोघींच्या मध्ये माझी ओढाताण झाली. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. ‘एकच माणूस’ म्हणजे एका वेळी एक की सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच एक, हेही विचारा. दोन्हींत पुष्कळ फरक आहे.

---

कर्वेनगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांत बरंच घडलं, म्हणून परत लिहिते.

ठाण्याच्या ताईंचा प्रश्न मी शनिवारी डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं, एका वेळी एक. बदली चालेल, पण सारखी ये-जा नको. डूलाबद्दल त्या म्हणाल्या, सोबत बसणार असेल तर माझी हरकत नाही, औषधाचं आणि तपासणीचं मी बघेन. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलंय. महिनाभर ज्याच्यावरून आम्ही दोघं अबोल झालो होतो ते पाच मिनिटांत सुटलं.

नवरा आकड्यांचा माणूस आहे, त्याला पुरावा हवा होता. दोघांनी बसून कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा २०१७ चा आढावा वाचला. १७ देशांतल्या २६ चाचण्या, १५,८०० हून जास्त बायका. सतत जवळ माणूस असलं की नॉर्मल होण्याचं प्रमाण वाढतं, सीझर आणि वेदनाशामकं कमी लागतात, बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा कमी राहतो. वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनीच कमी होतो. पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही हेही त्यांनी स्वतःच लिहिलंय. तोट्याचं मात्र काही आढळलं नाही. माझ्या नवऱ्याचं बोट त्या कडवटपणाच्या ओळीवर थांबलं. तो काही बोलला नाही.

रविवारी डूला घरी आल्या. मी पलंगाच्या कडेला हात टेकून उभी राहिले आणि त्यांनी त्याला दाब द्यायला शिकवलं. बोटांनी नाही, तळहाताच्या टाचेने, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार पुढे टाकत. तो घाबरत घाबरत दाबत होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, वर दाबतोयस, खाली घे,’ आणि ओले हात लुगड्याला पुसून स्वतः पुढे आल्या. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांना सिन्नरच्या घरी एक सुईण यायची, ती अशीच दाबायची म्हणे. आठ वर्षांत हे त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचा हात अगदी त्याच जागी पडला.

तर आम्ही डूला ठेवतोय. नवऱ्याची कंपनी भोसरीला, पाळी कधी कुठली असेल सांगता येत नाही, आणि दुसऱ्या वेळी किती पटकन होतं हे सिस्टरांनी लिहिलंच आहे. तो पोचेपर्यंत त्या माझ्याबरोबर आत, तो आला की तो आत आणि त्या बाहेर. तो थकला तर एकदा बदली. त्याच रात्री त्यांना दुसरीकडे जावं लागलं तर ज्या येतील त्यांनाही पुढच्या गुरुवारी भेटतोय. पैशांसाठी मालिशवाल्या मावशी सव्वा महिन्याऐवजी एकवीस दिवस सांगितल्यात. पुढचं मी बघते, असं सासूबाईच म्हणाल्या.

सिस्टर, ‘आधी रिक्षा’ ही तुमची ओळ मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली आहे, खाली दोन रिक्षावाल्या काकांचे नंबर. अजून विचारायचंय: कळांच्या मध्ये नुसतं पाणी घ्यायचं की नारळपाणी, पेज असं काही चालतं? मागच्या वेळी सगळंच बंद ठेवलं होतं आणि शेवटी अंगात त्राण उरलं नव्हतं.

---

निवृत्त सिस्टर

धोका नसलेल्या बाईला घोट घोट पाणी, नारळपाणी, पातळ पेज द्यायला हरकत नसते. उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता सोडून द्यायला सांगतात. पण भूल द्यायची शक्यता दिसली की डॉक्टर बंद करायला सांगतील, तेव्हा ऐकायचं. पुढच्या तपासणीला हेही त्याच फाइलवर लिहून घे. आणि झाल्यावर इथे कळव, मी रोज रात्री बघते.