आंदण दिली, पण किती?

नेहमी म्हटलं जातं की इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या १६६१ च्या विवाह करारात पोर्तुगीजांनी 'सगळी मुंबई' इंग्रजांना आंदण दिली. करार खरा, 'सगळी' मात्र खरं नाही. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो ई काश्त्रो याचा तर या देण्यालाच कडाडून विरोध होता. त्याने इतकं ताणून धरलं की प्रत्यक्ष ताबा १६६५ उजाडल्यावर मिळाला. आज ज्याला आपण मुंबई म्हणतो त्यातला वांद्र्यापासून पुढचा साष्टी बेटाचा सगळा भाग पोर्तुगीजांकडेच राहिला, थेट १७३७-३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांनी तो घेईपर्यंत. म्हणजे सत्तरहून जास्त वर्षं माहीमची खाडी ही दोन राज्यांची सीमा होती!

हे मला पुस्तकातून कधी नीट उमगलं नव्हतं. वांद्र्याच्या किल्ल्यावर उभं राहिलो, समोर पाण्यापलीकडे माहीमचा किल्ला दिसला, तेव्हा कळलं. इकडे पोर्तुगीज, तिकडे इंग्रज, मध्ये एवढीशी खाडी. ठाण्याकडून येणाऱ्या होड्यांवर पोर्तुगीज जकात घ्यायचे आणि त्यावरून इंग्रजांशी सतत भांडणं चालायची. त्या माहीमच्या किल्ल्याची आजची पडझड बघून मात्र जीव तुटतो.