डायोड एकाच बाजूने करंट का सोडतो? आणि १२ च्या ट्रान्सफॉर्मरला १६.८ कसे आले?

आयटीआय_पहिलं_वर्ष:
नमस्कार मंडळी, घरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी सप्लाय बनवतोय. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ४००७ चे चार डायोड लावून ब्रिज (एसीचं डीसी करणारी जोडणी), पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डायोड मीटरवर लावला की एका बाजूने ०.५७ येतं आणि प्रोब उलटे केले की ओएल (म्हणजे करंट जातच नाही), तर हे ०.५७ ओहम आहे का? आणि आउटपुटला १२ यायला पाहिजे ना, १६.८ येतायत. सरांनी वन वे असतो एवढंच सांगितलं, पण आत असं काय आहे की उलटं जातच नाही?

सोल्डरवाला:
ओहम नाही रे, व्होल्ट आहेत ते. मीटर साधारण एक मिलीअँपिअर सोडतो आणि डायोडवर किती व्होल्ट पडले ते दाखवतो.

आत सिलिकॉनचा एकच तुकडा असतो, एका भागात फॉस्फरससारखं काहीतरी मिसळून इलेक्ट्रॉन जास्त केलेले (एन), दुसऱ्यात बोरॉन मिसळून होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, जास्त केलेले (पी). सांध्यापाशी एन कडचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होल भरतात, त्यामुळे तिथे मोकळं कोणी उरत नाही आणि दोन्हीकडचे चार्ज झालेले अणू जागेवर अडकून एक भिंत उभी राहते. पी ला प्लस दिला की भिंत खचते आणि ०.६-०.७ च्या आसपास करंट धो धो सुटतो, उलटं दिलं की भिंत अजून जाड होते. विहिरीच्या मोटारीचा फूटव्हॉल्व बघ, वर चढताना पाणी झडप ढकलून जातं आणि मोटार बंद केली की तेच पाणी झडप दाबून धरतं, तसंच. ४००७ उलट्या बाजूने १००० व्होल्टपर्यंत तग धरतो. पांढरा पट्टा असतो ती कॅथोडची, म्हणजे एन ची बाजू.

रिपेरिंग_काका:
१६.८ बरोबर आहेत बाळा. १२ हे आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीचा आकडा, एसीच्या लाटेचा शेंडा त्याच्या १.४१४ पट म्हणजे १७ च्या आसपास, आणि कपॅसिटर शेंड्यापर्यंत भरतो. करंट प्रत्येक वेळी दोन डायोडमधून जातो म्हणून एखादा व्होल्ट तिथे जातो, पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर १२ पेक्षा थोडे जास्तच देतो.

मला काळजी वेगळीच आहे. कपॅसिटरवर व्होल्ट किती लिहिलेत? १६ असतील तर आत्ताच बंद कर. आणि १००० मायक्रोफॅरड कमी पडेल, ५० हर्ट्झचं ब्रिजनंतर १०० होतं, म्हणजे सेकंदाला १०० शेंडे, अर्धा अँपिअर ओढला तर दोन शेंड्यांच्या मधे साधारण ५ व्होल्ट खाली येतात आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. ४७०० टाकलास तर एकच व्होल्ट हलेल. बोर्डाला जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतात तेही बघून घे.

आयटीआय_पहिलं_वर्ष:
काका, १६ चाच निघाला! डोकं किंचित फुगलंय, वर क्रॉस असतो तिथे बोट लावलं तर उंचवटा लागतो. २५ व्होल्टचा ४७०० आणतो. फूटव्हॉल्वमुळे एकदम डोक्यात बसलं, आमच्या विहिरीवर आहे. जुना काढायच्या आधी डिस्चार्ज कसा करू?

रिपेरिंग_काका:
आधी २३० चा प्लग भिंतीतून काढ, नुसता स्विच नको. मग १ किलोओहमचा रेझिस्टर दोन्ही पायांना दहा सेकंद धर, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नकोस. मीटरवर शून्य बघूनच सोल्डरिंगची इस्त्री लाव.