फेरीबोट धक्क्याला लागायच्या आधीच गाडी सुरू करणाऱ्या ओळखीच्या माणसाला काय सांगायचं?

रायबंदर_पलीकडची विचारते:

मी दिवाडीला राहते, नोकरी पणजीत. आमच्या बेटाला पूल नाही. रायबंदर, जुने गोवे नाहीतर नार्वे, कुठूनही या, मांडवी फेरीबोटीनेच ओलांडायची. पूल हवा की नको हा वाद इथे कृपया काढू नका, तो आमच्याकडे प्रत्येक जेवणावळीत होतो.

माझं गाऱ्हाणं लहान आहे. सकाळच्या बोटीत स्कूटर-मोटरसायकली इतक्या खेटून उभ्या असतात की चालत येणाऱ्यांना दोन हँडलांच्या मधल्या फटीत उभं राहावं लागतं. तेही चालतं. पण रायबंदरचा धक्का जरा जवळ दिसला की सगळे एकदम बटण दाबतात. बोट अजून पाण्यात, रॅम्प वर, खलाशाच्या हातात दोर, आणि आमच्या तोंडावर धूर. गरम सायलेन्सर पोटरीपासून चार बोटांवर. गेल्या पावसाळ्यात एका भाजीवाल्या मावशीच्या लुगड्याला तो लागला. मावशीने फक्त पाटी या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. कोणी वळूनही बघितलं नाही. मग रॅम्प टेकायच्या आत पहिली चाकं पुढे सरकतात आणि पायी माणसं कडेला दबून उभी. हॉर्न वेगळाच.

पर्यटक असेल तर मी बिनधास्त सांगते, ‘भाऊ, इंजिन बंद करा’. तो सॉरी म्हणतो, बंद करतो, विषय संपतो. अडचण आपल्याच माणसांची आहे. माझ्या पुढ्यात रोज जो गाडी पेटवतो तो आमच्याच वाड्यावरचा. चवथीला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधायला आमच्याकडे येतो, त्याच्या आईने माझ्या बाळंतपणात पेज करून आणलेली. त्याला चारचौघांत टोकलं तर संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत माझ्या सासूबाईंना सगळं कळलेलं असणार, तेही तिखटमीठ लावून. न बोलावं तर रोज धूर खायचा.

कोणाला न दुखवता हे कसं सांगता येईल? जमलेलं आहे का कोणाला?

---

मूळची_ठाण्याची:

ताई, सरळ सांगा की! मी गोव्यात साखळीला राहायला आले तेव्हापासून बघते, इथले लोक बोलायला गोड, पण तोंडावर नको म्हणायला फार कचरतात. आमच्याकडे लोकलमध्ये चौथ्या सीटवरून पाच मिनिटं भांडण होतं आणि पुढच्या स्टेशनाला दोघी एकाच डब्यातली चकली खातात.

रायबंदर_पलीकडची:

तुमच्या लोकलमधली बाई पुढच्या स्टेशनाला उतरून जाते हो. माझी तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसते.

---

हेल्मेट_हँडलला:

मी शेजारच्या चोडण बेटावरचा, म्हणजे तुमचा तो मुलगा नव्हे, पण त्याच्याच जातकुळीतला. शिव्या खायला तयार आहे, पण आमची बाजू ऐका. पुढे रायबंदर ते पणजी तो अरुंद बांध आहे ना, 1630च्या दशकातला, पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळचा. तेव्हा बस कुठे होत्या! आता बोटीतून आपल्याआधी एक टेंपो सुटला की पणजीच्या तोंडाशी, पाट्यापर्यंत त्याच्या ढुंगणामागून जायचं. ऑफिसात हजेरीला बोटाचा ठसा घेणारं मशीन आहे, त्याला आमची भरती-ओहोटी कळत नाही. उशीर झाला की अर्धी रजा कापतात. म्हणून प्रत्येकाला रॅम्पच्या तोंडाशी राहायचं असतं.

धुराचं मात्र तुमचं बरोबर. बटणाची गाडी सुरू व्हायला कितीसा वेळ लागतो? पूर्वी किक मारायची स्कूटर थंडीत पटकन धरायची नाही, म्हणून लोक आधीपासून मारत बसायचे. किक गेली, सवय राहिली.

---

बेतीकाठचा:

बायो, मी म्हातारा माणूस, थोडं लांबण लावतो.

5 जुलै 1986ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. ऐन पावसाळा. त्यानंतर बेती-पणजी फेरीवर जी झुंबड असे ती तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितली नसेल. लोक आता म्हणतात की तेव्हाची माणसं शिस्तीची होती. कसली शिस्त? आम्हीही ढकलत होतो. धोतर, पँट, पदर, सगळ्यांचे कोपरे सारखेच. पण बोटीवरचा एक खलाशी होता, तो रॅम्पवर आडवा उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘पयलीं चलपी!’ पायी चालणारे उतरले की मगच बाजूला व्हायचा. त्याचा राग कोणाला आला नाही, कारण तो कोणाच्याच वाड्यावरचा नव्हता. निदान त्या घडीला तरी नव्हता.

म्हणून माझं म्हणणं, तू मुलाला सांगू नकोस, खलाशाला सांग. तेही बोटीत नाही, सकाळी धक्क्यावर बोट यायची वाट बघताना. ‘आज ती भाजीवाली आहे, तिला आधी उतरू दे रे’ एवढंच. एका माणसाचं नाव घेऊन सांगितलं की त्याला ते करावंसं वाटतं. नियम सांगितला तर तो म्हणेल, खात्याला लिहा.

---

दोर_आणि_धक्का:

वरच्या काकांना दुजोरा. आमच्या घरातला माणूस बोटीवर आहे, म्हणून एक आतली गोष्ट सांगते. पूर्ण ओहोटी असली की रॅम्पचा उतार उभा होतो आणि धक्क्याच्या खालच्या भागावर, जिथे भरतीचं पाणी येतं, तिथे बुळबुळीत शेवाळ असतं. तिथे पाय जपून टाकावा लागतो. मागून हॉर्न वाजला की माणूस दचकतो आणि नेमका तिथेच घसरतो. खलाशांना भीती याची असते, धुराची कमी. म्हणून त्यांच्याशी धुराबद्दल बोलू नका, घसरण्याबद्दल बोला. लगेच ऐकतील.

आणि एक, खलाशाला सकाळी ‘बरें मू?’ (बरं आहे ना?) विचारणारे बोटीत किती असतात ते एकदा बघा.

---

रायबंदर_पलीकडची:

देव बरें करूं सगळ्यांना. काकांचं आणि दोर_आणि_धक्काचं पटलं, ओहोटीच्या दिवशी सुरुवात करीन. हेल्मेटवाल्या भावा, मशीनचा त्रास मलाही आहे, पण माझ्यापुढे टेंपो नसतो, तू असतोस.

पुढच्या महिन्यात बोंदेरां आहे, आमच्या दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव. त्या दिवशी बाहेरची इतकी गर्दी असते की कोणालाही काहीही सांगता येतं, म्हणजे माझ्या हिशोबाने तो सोपा दिवस. बाकी, फोनवर मोठ्याने रील बघणाऱ्या मामांचं काय करायचं ते कोणी सांगितलंच नाही. ते माझे खरेच मामा आहेत.

हेल्मेट_हँडलला:

मामांना इयरफोन भेट द्या. चवथीला द्या, म्हणजे नाही म्हणता येणार नाही.

दोर_आणि_धक्का:

वायरवाला द्या. बिनवायरीचा एक पहिल्याच दिवशी मांडवीत जाईल.