सल्ला हवा: मसाला धंद्यातल्या कंपन्यांचे आकडे आणि एनआयसी कोड

मसाला_प्रकल्प:
मसाला दळण-पॅकिंगच्या प्रकल्प अहवालात बँकेला याच धंद्यातल्या चार-पाच कंपन्यांची तुलना हवी आहे. बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे आकडे मिळतात, प्रायव्हेट लिमिटेडचे कुठून काढायचे? सीआयएनमधल्या (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक) पाच अंकी उद्योग कोडवरून (एनआयसी, म्हणजे सरकारी उद्योग वर्गीकरण) कंपन्या गाळल्या तर चालेल का?

ताळेबंद_वाचक:
नुसत्या त्या कोडवर गाळू नका, फसाल. सीआयएन २१ अक्षरांचा असतो. उदाहरणार्थ रिलायन्स इंडस्ट्रीज: एल-१७११०-एमएच-१९७३-पीएलसी-०१९७८६. एल म्हणजे शेअर बाजारात सूचीबद्ध (नसेल तर यू), मग उद्योग कोड, राज्य, स्थापनेचं वर्ष, प्रकार, नोंदणी क्रमांक. यातला १७ (उद्योग कोडचे पहिले दोन अंक) हा विभाग एनआयसी २००४ मध्ये कापडाचा होता, २००८ च्या यादीत तो कागदाचा झाला आणि कापड १३ वर गेलं. कंपनीचा धंदा कुठल्या कुठे गेला तरी कोड बहुधा जुनाच राहतो. इन्फोसिसचा ८५११० बघा: २००४ च्या यादीत ८५ म्हणजे आरोग्य, २००८ च्या यादीत शिक्षण!

आणखी एक गल्लत होते. पब्लिक म्हणजे सूचीबद्धच असं नाही. सुरुवातीला यू आणि पुढे पीएलसी असेल तर ती पब्लिक लिमिटेड आहे, पण बाजारात नाही. प्रायव्हेटला पीटीसी.

मसाल्यासाठी एनआयसी २००८ मधला वर्ग १०७९, म्हणजे 'इतर खाद्यपदार्थ'. त्यात चहा-कॉफीवाल्याही येतात, तेव्हा खरा धंदा वार्षिक विवरणपत्रातच तपासा: एमजीटी-७ या त्याच्या फॉर्ममध्ये मुख्य व्यवसाय आणि उलाढालीतला त्याचा टक्का असतो. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांच्या बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात उत्पादनवार एनआयसी कोड मिळतो, तो जास्त भरवशाचा.

सीएस_सल्ला:
कागद असे काढा. एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर मास्टर डेटा फुकट दिसतो: भरणा भांडवल, शेवटच्या ताळेबंदाची तारीख, कर्जापोटी नोंदवलेले बोजे. ताळेबंद जुना असेल तर पैसे भरूच नका. मग 'पब्लिक डॉक्युमेंट्स' घ्या, कंपनीमागे १०० रुपये. ते ठरावीक मुदतीतच उघडतात, म्हणून लगेच उतरवून ठेवा. एओसी-४ (ताळेबंद आणि नफा-तोटा भरण्याचा फॉर्म) आणि त्याची जोडपत्रं घ्या, कारण कामाच्या टिपा जोडपत्रांतच असतात. एओसी-४ वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत, एमजीटी-७ ६० दिवसांत भरायचा असतो. सभा बहुतेकांची सप्टेंबरअखेर, त्यामुळे ताजे आकडे डिसेंबरआधी शोधण्यात अर्थ नाही.

तुलना करताना आधी एकक बघा. एकीचे आकडे हजारांत, दुसरीचे लाखांत असतात आणि तक्ता शंभरपटीने चुकतो. मसाल्यात साठा महत्त्वाचा: मिरची-हळद हंगामात भरून ठेवतात, त्यामुळे ३१ मार्चचा साठा वर्षभराच्या सरासरीपेक्षा बराच जास्त दिसू शकतो. त्यावरून खेळत्या भांडवलाची गरज काढली तर ती फुगते.

मसाला_प्रकल्प:
यादीत दोन भागीदारी फर्म आणि एक एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आहे. त्यांचं?

सीएस_सल्ला:
एलएलपीला सीआयएन नसतो, एलएलपीआयएन असतो. तिचे आकडे फॉर्म ८ मध्ये. भागीदारी, मालकी हक्काचे धंदे आणि सहकारी संस्था एमसीएवर सापडणारच नाहीत. फर्मचा जीएसटी क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे का आणि माल कोणता, एवढं जीएसटी पोर्टलवर कळेल. तिथला एचएसएन कोड मालाचा असतो, धंद्याचा नव्हे. तो एनआयसीच्या रकान्यात भरू नका.