मदत हवी आहे – गुडघ्याला झेपेल असं कार्डिओ मशीन कुठलं घेऊ?

मंडळी, आईसाठी विचारतोय. वय ६१, गुडघ्यांची झीज सुरू झालीय, डॉक्टर म्हणाले चाला पण गुडघ्याला हादरे बसतील असं काही नको. आता सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये, सकाळी नऊलाच डोकं तापतं, त्यामुळे सिद्धेश्वर तलावाकडची फेरी बंद झालीय आणि घरात बसून कडक भाकरी नि शेंगाचटणी मात्र जोरात चालूय.

ट्रेडमिल नकोच. एलिप्टिकलमध्ये (उभं राहून दोन पेडल लंबगोल फिरवायचं मशीन) पाय पेडलवरून उचलावा लागत नाही म्हणून धक्का कमी बसतो हे कळलं, पण आईचा तोल जाईल का अशी धास्ती वाटते, शिवाय पेडल वर गेलं की माणूसही चांगला वीतभर वर जातो आणि आमच्या हॉलचा पंखा आहे खाली. मग रिकम्बंट बाइक, म्हणजे मागे टेकून पाय पुढे करून चालवायची व्यायामाची सायकल बघितली, पाठीला टेका, सीट खाली, चढाउतरायला सोपी, पण जागा लांबुडकी खाते.

मॅग्नेटिकच घेणार, म्हणजे चुंबकाने पेडल जड होणारी, पंख्याच्या हवेने जड होणाऱ्या फॅनवाल्या एअर बाइकचा आवाज खालच्यांना चालणार नाही.

कुणी घरात वापरतंय का? आईची उंची पाच फूटसुद्धा नाही, तर सीट पुरेशी पुढे येते का? आणि जुळे सोलापुरात रिपेअरला माणूस घरी येतो का हो?