अनुभव धागा: "खोटं!" की "त्याला माहीत नाही"? – वाचनकट्ट्यावर निवेदकावरून झालेली भांडणं

गोदाकाठची
काल माळा आवरताना 'कोबाल्ट ब्ल्यू' हाती आली. सचिन कुंडलकरांची, २००६ ची. सहज उघडली तर तनयच्या भागात एका परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने मोठ्ठं "खोटं!" लिहिलेलं. त्याच्याखाली बारीक अक्षरात, "खोटं नाही. त्याला माहीत नाही." कणीक भिजवायची राहिली आणि मी शिडीवरच बसून राहिले.

वरचं मी लिहिलंय, खालचं आमच्या कट्ट्यातल्या काकूंनी. आम्ही आठ जणी महिन्यातून एका शनिवारी जमायचो, गंगापूर रोडला एकीच्या घरी. पुस्तक एकच, ते आठ घरं फिरायचं, म्हणून जिला जे वाटेल ते कडेला लिहायची मुभा होती.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: घरात वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट येतो. आधी भाऊ तनय बोलतो, मग बहीण अनुजा. दोघांचाही त्याच्यावर जीव जडलेला. त्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. तनयचं सगळं वाचून मला तो माणूस अगदी ओळखीचा वाटायला लागला होता. मग अनुजा बोलायला लागली आणि पायाखालची फरशीच हलली. मी हट्टाला पेटले की तनय आपल्यापासून लपवतोय. एवढा जीव होता तर आपली बहीण त्याच्यात गुंतत चालली आहे हे दिसलं नाही?

काकू शांतपणे म्हणाल्या, "माझा मुलगा बारावीला बसणार बसणार म्हणून मी सगळ्यांना सांगत होते. त्याने फॉर्मच भरला नव्हता. शेजारणीला माहीत होतं, मला नाही. मी काय खोटं बोलत होते का गं?"

सगळ्या गप्प. पोहे तसेच गार झाले. रात्री त्यांना स्कूटीवरून घरी सोडलं तेव्हा दोघी एक अक्षर बोललो नाही.

तुमच्या गटात झालंय असं? सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही यावरून? नक्की लिहा.

शेवंती
विश्राम बेडेकरांची रणांगण!!! मी कॉलेजात असताना सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणली होती (आमच्या आजोबांपासूनचं सभासदत्व, वाचनालयच १८४० चं). तेव्हा गोष्ट सांगणारा चक्रधर मला फार सोसलेला, खरा माणूस वाटला. मागच्या वर्षी गटात परत घेतली. आता मुलगी वीस वर्षांची आहे माझी. या वेळी पानापानावर वाटत होतं की अरे, त्याच्या प्रेमात पडलेल्या हॅर्टाबद्दल जे काय कळतंय ते हाच सांगतोय. स्वतःला किती सांभाळून घेतोय! गटातले पुरुष म्हणाले तो प्रामाणिक आहे, स्वतःचे दोष सांगतो. मी म्हटलं दोष सांगतो म्हणून तर आपण बाकीचं निमूट ऐकून घेतो. यावरून अजून दोन तट आहेत आमच्यात, भेटलं की तेच. कुकर झाला, येते.

सातपूरकर
अहो ताई, मी कोबाल्ट ब्ल्यू अर्धी वाचून ठेवली होती, तनयचाच भाग संपला होता :( बहिणीचं आत्ता कळलं.

गोदाकाठची
@सातपूरकर अरेरे, सॉरी हो. मनापासून. वर इशारा द्यायला हवा होता. पण तरी वाचाच, तिचा आवाज पूर्ण वेगळा आहे.

कडुनिंब
ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही अशा निवेदकाला "अविश्वसनीय निवेदक" म्हणतात, तो शब्द मला कधीच पटला नाही. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली ही संज्ञा मांडली, आपण तिचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं. पण आपल्याकडे अविश्वसनीय म्हणजे क्रिकेटमधला झेल! आमच्या गटात एक नवीन मुलगा दोन बैठका समजत होता की आपण फार भारी निवेदकाबद्दल बोलतोय. तेव्हापासून आम्ही "बेभरवशाचा" म्हणतो.

मेथीचीजुडी
बेभरवशाचा मस्त आहे. आमच्या सोसायटीच्या नळाला पण तोच शब्द 😄

कडुनिंब
नळ निदान खोटी आशा दाखवत नाही, आधी फुसफुसतो.

भांडीबाजार
पुस्तकाबद्दल नाहीये, पण काकूंचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. २००८ च्या सप्टेंबरचा पूर. आमचं दुकान खालच्या अंगाला. माझ्या आठवणीत पाणी गल्ल्याच्या वर आलं होतं, पितळेची पातेली तरंगत एकमेकांवर आपटत होती, तो आवाज अजून कानात आहे. धाकटा भाऊ म्हणतो पाणी तिसऱ्या पायरीपर्यंतच आलं, पातेली आपण आदल्या रात्रीच माडीवर नेली होती. मी म्हणतो दुतोंड्या मारुती (गोदेच्या पात्रातली उंच मूर्ती, पाणी कुठवर आलं ते तिच्यावरूनच सांगतात) बुडाला होता, तो म्हणतो छातीपर्यंत. पंधरा वर्षं हेच भांडण, प्रत्येक दिवाळीला. गेल्या वर्षी आईने ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं होतात कुठे? तुम्हाला सिन्नरला मामाकडे धाडलं होतं. मी आणि तुमचे बाबा होतो."

मग तो पातेल्यांचा आवाज मी कुठे ऐकला? बाबा सांगायचे असतील. पण बाबा आता नाहीत, विचारणार कुणाला.

तेव्हापासून कुणी कादंबरीतल्या माणसाला खोटारडा म्हटलं की मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते.

शेवंती
@भांडीबाजार अंगावर काटा आला. हे वेगळं लिहा ना सविस्तर.

पानगळ
+१. आमचे आजोबा १९६९ चा पूर सांगायचे. दर वेळी पाणी वितभर वाढायचं.

भांडीबाजार
@पानगळ आपल्या गावात पूर मोजायला मारुतीच आहे. आणि त्याला तोंडं दोन :)

उगवतीचा_चहा
आमच्या गटात अगाथा ख्रिस्तीबाईंची एक रहस्यकथा घेतली होती, १९२६ ची. नाव सांगत नाही, सांगितलं तर सातपूरकर रडतील. गटात एक निवृत्त लेखापरीक्षक आहेत. शेवट वाचून ते इतके चिडले की पैसे परत मागायच्या बेतात होते, "ही वाचकाची फसवणूक आहे". पुढच्या बैठकीला पेन्सिल, पट्टी आणि एक वही घेऊन आले. अख्खं पुस्तक परत तपासलं होतं, जमाखर्च तपासतात तसं. म्हणाले, "एक वाक्य खोटं सापडलं नाही. फक्त एका ठिकाणी दहा मिनिटांची नोंद नाही." आणि मग टोपी काढून टेबलावर ठेवली. मला त्यांचा तो चेहरा विसरता येत नाही, हरल्याचा आनंद म्हणतात तो.

सातपूरकर
😭 नाव सांगू नका खरंच.

मेथीचीजुडी
आमचा गट मिसळीवर सुरू झाला. रविवारी सकाळी सोमेश्वरच्या बाजूला जायचो, काळ्या मसाल्याची मिसळ, वर पापड, मग गाडीच्या डिकीवर पुस्तक. तीन महिन्यांनी पुस्तक राहिलं, मिसळ चालू आहे. पण लिहायचं होतं ते वेगळंच. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येईना, म्हणून मी दुपारी भाजी निवडता निवडता वाचून दाखवायचे. एका कादंबरीत नायक स्वतःचं सगळं आयुष्य सांगतो, शाळा, नोकरी, वडील, सगळं. दीडशे पानं झाल्यावर सासूबाई मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "याने कुत्र्याचं नाव दोनदा सांगितलं. बायकोचं अजून नाही."

मी मागे जाऊन शोधलं. खरंच नव्हतं. मी एम. ए. मराठी आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या सातवी शिकलेल्या. डोळ्याने पानं पळवतो आपण, त्या ऐकत होत्या.

पानगळ
सासूबाईंना नमस्कार सांगा __/\__

कडुनिंब
सासूबाईंना आमच्या गटात पाठवा. आणण्या-सोडण्याची जबाबदारी माझी.

उगवतीचा_चहा
मिसळीचं ठिकाण कुठलं ते सांगा आधी.

निळीछत्री
दुबईहून. इथे 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची मराठी पुस्तकांची पेटी आली की आम्ही चार घरं मिळून वाचतो. एकदा दोन निवेदकांची कादंबरी होती, नवरा एक सांगतो, बायको दुसरं. चर्चा करता करता आमच्यातलंच एक जोडपं आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला लागलं, पहिल्यांदा कुठे भेटले वगैरे. तो म्हणे कॉलेज रोडला, ती म्हणे बसस्टँडवर, आणि पाऊस होता का नव्हता. सुरुवातीला हसत होतो. मग तिचे डोळे भरून आले, कारण बसस्टँडवरची भेट त्याला आठवतच नव्हती. आम्ही पुस्तक मिटून चहा टाकला. त्या दिवसापासून मी अशा कादंबऱ्या जरा जपून सुचवते.

गोदाकाठची, काकू कुठे असतात आता? बोलणं आहे ना?

गोदाकाठची
@निळीछत्री ठाण्याला मुलाकडे. हो, तोच बारावीवाला, आता त्याचाच मुलगा बारावीला आहे. तुझं वाचलं आणि लगेच फोन लावला. त्यांना पुस्तक, पान, पोहे सगळं आठवतंय. म्हणाल्या, "अगं, 'खोटं' मी लिहिलं होतं. मला भयंकर राग आला होता त्या पोराचा. खाली तू लिहिलंस. म्हणून तर मी घरी जाईपर्यंत बोलले नाही तुझ्याशी."

मी म्हटलं काकू, बारावीचा फॉर्म? म्हणाल्या तो तर मी नंतर फोनवर सांगितला तुला, तुझं वाचून रात्रभर झोप आली नाही म्हणून.

तेव्हापासून पुस्तक उघडं ठेवून बसलेय. वरचा 'ख' माझ्यासारखा आहे. पण खालच्या 'माहीत'मधला 'ह' पण मी असाच काढते, शेपटी उलटी वळवून. पेन्सिल एकच आहे दोन्हीला.

शेवंती
अगं फोटो टाक!!

भांडीबाजार
ताई, दोघींचं कुठलं जुनं पत्र, हिशेबाची वही असेल तर ताडून बघा. आणि नाही जुळलं तरी काकूंना सांगू नका.

गोदाकाठची
@भांडीबाजार भिशीची वही आहे त्यांच्या हातची, त्याच माळ्यावर. उद्या काढते. आज परत शिडी लावायचं धाडस नाही.

उगवतीचा_चहा
मेथीची जुडी ताई, मिसळ?