नाचणीच्या बिस्किटात पहिला मैदा! मुलांच्या डब्यात पाकीट द्यावं का?

मोगरा:
छोट्या सुट्टीच्या डब्यात पाकीट नकोच, असं माझं ठाम मत आहे. नाचणीची म्हणून विकत घेतलेल्या बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बऱ्याच पुड्यांवर मैदा पहिला, मग साखर नि पाम तेल, नाचणी कुठेतरी खाली. दुधात घालायच्या पावडरींचं तेच. केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्याची व्याख्याच नाही!

नाशिककर:
नाही पटलं. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी संध्याकाळपर्यंत पाळणाघरात, तिथे गार झालेलं थालीपीठ ती खात नाही, मग उपाशी राहण्यापेक्षा दोन बिस्किटं खाल्ली तर काय बिघडलं? आणि घरात पूर्ण बंदी असलेली मुलं वाढदिवसाला वेफर्सवर तुटून पडतात हे मी पाहिलंय. शिवाय तुम्ही लोक चिक्की, राजगिरा लाडू पौष्टिक म्हणून देता, गूळ काय साखर नाही का? दातांना चिकटतो तो वेगळाच.

मोगरा:
गुळाचं मान्य, म्हणून चिक्की रोज नाहीच. पण भाजलेल्या मुरमुऱ्यांचा चिवडा रविवारी केला की आठवडा निघतो, उकडलेल्या शेंगा, रताळं, केळं यांना कितीसा वेळ लागतो? शाळांच्या कॅन्टीनमध्ये जंक फूड नको असं राज्य सरकारने २०१७ मध्येच सांगितलंय, मग तेच आपण घरून का पाठवायचं?

आजीचा_फोडणीभात:
शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे देऊ नका हं, घशात अडकतात, कूट करून द्या. बाकी मी नाशिककरांच्या बाजूने. आमच्याकडे काय द्यायचं आणि कधी हे मोठे ठरवतात, किती खायचं ते नातू ठरवतो, त्यामुळे जेवताना रडारड थांबली. शनिवारी वेफर्सही असतात, वाटीत काढून, लपवाछपवी नाही.

मोगरा:
वाटीत काढून हे आवडलं. पण वेफर्सच्या बाबतीत किती खायचं ते मुलाने ठरवायचं हे मला अजिबात मान्य नाही, मीठ-तेलाची चव अशीच असते की पोट भरलं तरी हात थांबत नाही, तिथे वाटी एकच.

नाशिककर:
एकच वाटी, चालेल. पण पाळणाघरात गार झाल्यावरही मुलं खातील असं काही असेल तर रेसिपीसकट सांगा, उद्याच करून बघतो.